गोरेगावचा वॉर्ड गेला कुठे?

1961 साली मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत गोरेगावातून मृणाल गोरे निवडून आल्या. गोरेगाव बृहन्मुंबईत येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. हद्द आली होती, पाणी मात्र पोहोचले नव्हते. समाजवादी चळवळीत वाढलेल्या या नगरसेविकेने पाण्याचा प्रश्न सभागृहात आणि रस्त्यावर असा लावून धरला की ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना आयुष्यभर चिकटले. 1972 मध्ये त्या विधानसभेत गेल्या, 1977 मध्ये लोकसभेत. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा त्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रभर झाली. पण या सगळ्याची सुरुवात उपनगरातल्या एका वॉर्डातून झाली होती.

तो वॉर्ड आज मुंबईच्या नकाशावर कुठे आहे? गोरेगावात त्यांच्या पतीच्या नावाचे केशव गोरे स्मारक आहे, मृणालताईंच्या नावाचा उड्डाणपूल आहे, दिंडोशीच्या डोंगरावर नागरी निवारा वसाहत आहे. ज्या मतदारसंघाने त्यांना पहिल्यांदा निवडले तो मात्र पुसला गेला. त्याचे तुकडे झाले, तुकड्यांचे क्रमांक बदलले, क्रमांकांवर आरक्षणे आली आणि गेली. 1961 पासून आजपर्यंत ‘या वॉर्डाने कोणाला निवडले, का निवडले आणि केव्हा पाडले’ अशी सलग यादी करायला कोणी बसले, तर दुसऱ्या-तिसऱ्या निवडणुकीपाशीच हात टेकावे लागतील. ही गत एकट्या गोरेगावची नाही. मालाड, मुलुंड, कुर्ला, दहिसर सगळीकडे हेच.

मोडकी गल्ली आणि तुंबलेले गटार ज्या लोकप्रतिनिधीला दाखवता येते, त्याच्या मतदारसंघाला इतिहासच नसावा, ही गोष्ट साधी नाही. यात सोय आहे, आणि ती मतदारांची नाही.

याच शहरात दुसरा एक वॉर्ड आहे, तो पाहिला की फरक कळतो. पालिकेच्या कारभारासाठी मुंबईचे विभाग पाडलेले आहेत, ‘ए’पासून ‘टी’पर्यंत. गोरेगाव म्हणजे पी दक्षिण, लोकांच्या तोंडी ‘पी-साउथ’. मुलुंड म्हणजे टी. अंधेरीचे दोन ‘के’, पूर्व आणि पश्चिम. लोकसंख्या वाढली तेव्हा काही विभागांची वाटणी झाली, पण अक्षर राहिले. जन्मदाखला, मालमत्ता कर, नळजोडणी, बेकायदा बांधकामाची तक्रार यांपैकी कशासाठीही उपनगरातला माणूस न चुकता आपल्या अक्षराच्या कार्यालयात जातो. सहायक आयुक्त बदलतो, खुर्ची आणि तिची हद्द तिथेच असते. नगरसेवकाच्या प्रभागाचे बरोबर उलटे आहे. क्रमांक विचारला तर दहा जणांपैकी दोघांनाही सांगता येणार नाही, आणि जे सांगतील त्यातला एखादा मागच्या निवडणुकीचा क्रमांक सांगेल. अधिकाऱ्याचा नकाशा कायम आणि मतदाराचा तात्पुरता, अशी ही व्यवस्था आहे.

प्रभाग बदलूच नयेत, असे कोणी म्हणणार नाही. मुंबईची उपनगरे ज्या वेगाने वाढली तो वेग पाहिला तर जुने प्रभाग गोठवून ठेवणे हा अन्यायच ठरला असता. 1950 पूर्वी वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ इथे स्वतंत्र नगरपालिका होत्या. 1950 साली जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतचा भाग मुंबईला जोडला गेला, 1957 साली हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. 1951 च्या जनगणनेत शहरात 23 लाख लोक होते आणि उपनगरांत साडेसहा लाख. 1971 मध्ये शहर 30 लाख 70 हजार, उपनगरे 29 लाख. त्यानंतर पारडे फिरले ते फिरलेच. 2011 मध्ये शहराची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा अडीच लाखांनी घटून 30 लाख 85 हजार झाली, उपनगरांची 93 लाख 57 हजारांवर गेली.

सभागृहातल्या जागाही त्याप्रमाणे वाढत गेल्या. 1968 मध्ये 140, 1985 मध्ये 170, 1992 मध्ये 221 आणि 2002 पासून 227. 2017 च्या निवडणुकीआधी प्रभाग नव्याने आखले गेले, तेव्हा शहरातल्या सात जागा कमी होऊन उपनगरांत गेल्या. आता शहरात 56, पश्चिम उपनगरांत 102 आणि पूर्व उपनगरांत 69 असे गणित आहे. हे न्याय्यच होते. गिरगाव-लालबागच्या माणसाच्या मताला जेवढे वजन, तेवढेच गोरेगाव-गोवंडीच्या माणसाच्या मताला असायला हवे.

मग तक्रार कशाची? जनगणना झाल्यावर, ठरलेल्या नियमाने, एकदा रेषा बदलल्या तर तक्रार नाही. आपल्याकडे रेषा सरकार बदलले की बदलतात.

नोव्हेंबर 2021 मध्ये महाविकास आघाडी सरकारने मुंबईच्या जागा 227 वरून 236 करायचे ठरवले. नवी जनगणना झालेलीच नव्हती, 2011 नंतर लोकसंख्या वाढली असणार हा आधार. त्याप्रमाणे नवे नकाशे आले, हरकती झाल्या, आरक्षणाची सोडतही निघाली. ऑगस्ट 2022 मध्ये शिंदे सरकारने अध्यादेश काढून पुन्हा 227 केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथे 227 टिकले. मधल्या काळात इच्छुकांनी 236 च्या नकाशावर बांधलेली कार्यालये, वाटलेल्या वह्या आणि भरवलेली आरोग्य शिबिरे वाऱ्यावर गेली. मतदाराला तर आपण नऊ महिन्यांत एका प्रभागातून दुसऱ्यात जाऊन परत आलो, याचा पत्ताही नव्हता.

मुंबईबाहेर याहून मोठा खेळ झाला. मुंबई महापालिकेचा कायदा 1888 चा आणि वेगळा, म्हणून इथे एक प्रभाग, एक नगरसेवक ही पद्धत टिकली. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांच्या वाट्याला प्रयोग आले. 2002 ची निवडणूक तीन सदस्यांच्या प्रभागाने झाली, 2007 ची एका सदस्याच्या, 2012 ची दोन सदस्यांच्या आणि 2017 ची चार सदस्यांच्या. 2019 च्या अखेरीस पुन्हा एक सदस्य ठरला, 2021 मध्ये तो बदलून तीन झाले आणि 2022 मध्ये परत चार. वीस वर्षांत पुणेकराने एका नगरसेवकासाठी, दोघांसाठी, तिघांसाठी आणि चौघांसाठी मत देऊन पाहिले. 2017 मध्ये पुण्यात 162 जागांसाठी 41 प्रभाग होते. एकेका प्रभागात अ, ब, क, ड अशी चार बटणे दाबायची, आणि नंतर ड्रेनेज तुंबले की चौघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे. मोठा प्रभाग मोठ्या पक्षाला सोयीचा असतो, कारण चार जणांचे पॅनेल उभे करणे आणि पाऊण लाख वस्तीत फिरणे अपक्षाला परवडत नाही. विरोधात असताना या पद्धतीवर तुटून पडणारे पक्ष सत्तेत आल्यावर आपल्याला हवा तो आकडा निवडतात.

या बाबतीत पक्षांचे एकमत किती आहे, ते मार्च 2022 मध्ये दिसले. तोवर राज्य निवडणूक आयोगाकडे असलेला प्रभागरचनेचा अधिकार सरकारकडे घेणारा कायदा त्या महिन्यात विधिमंडळाने केला. सत्ताधारी आणि विरोधक एरवी कामकाज चालू देत नाहीत. हे विधेयक मात्र दोघांनी एकमताने मंजूर केले.

दुसरा बदल आरक्षणाचा. 11 नोव्हेंबर 2025 रोजी वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात मुंबईच्या प्रभागांची सोडत निघाली. 227 पैकी 114 जागा महिलांसाठी. अनुसूचित जातींसाठी 15, अनुसूचित जमातींसाठी 2, इतर मागासवर्गासाठी 61 आणि सर्वसाधारण 149. अशा सोडतीच्या दिवशी नाट्यगृहात एकेक चिठ्ठी निघते आणि बाहेर फोन खणखणू लागतात. ‘वॉर्ड लेडीज झाला’, ‘आपला ओपन राहिला’, ‘शेजारचा ओबीसी पडलाय, बघू या का?’ ज्याचा वॉर्ड गेला तो संध्याकाळपर्यंत पत्नीचे, आईचे किंवा वहिनीचे नाव पुढे करतो, नाही तर नाल्यापलीकडच्या प्रभागात आपले किती नातेवाईक आहेत ते मोजायला बसतो. रविवारी त्या भागातल्या फलकांवर नवा चेहरा येतो आणि जुना चेहरा कोपऱ्यात छोट्या गोलात जातो.

इथे एक गल्लत टाळायला हवी. दोष आरक्षणाचा नाही. महिलांसाठी राखीव जागांचे काय होते, याचा एक चांगला अभ्यास मुंबई महापालिकेवरच झालेला आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भवनानी यांनी 1997 आणि 2002 च्या निवडणुका तपासल्या. जे प्रभाग 1997 मध्ये महिलांसाठी राखीव होते आणि 2002 मध्ये खुले झाले, तिथे महिला निवडून येण्याची शक्यता 1997 मध्ये राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट निघाली. एकदा संधी मिळालेली बाई आरक्षण उठल्यावरही टिकू शकते, पक्षांना तिच्या निवडून येण्याचा भरवसा वाटतो आणि मतदारालाही सवय होते. 2009 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या आरक्षण नसताना महापालिकेत पोहोचल्या, हे खरे. पण त्या चळवळीतून आल्या होत्या, आणि अशी नावे बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

मात्र ही सवय लागायला प्रभाग तोच राहावा लागतो. पाच वर्षांनी सोडत निघते, आरक्षण फिरते, आणि जोडीला रेषाही हलली तर काम केलेल्या नगरसेविकेला ते काम ज्यांनी पाहिले त्या मतदारांपुढे पुन्हा उभेच राहता येत नाही. काम न केलेल्याला तर हे वरदानच आहे. पुन्हा उभे राहायचेच नाही तर हिशेब कोणाला द्यायचा? राज्यघटनेच्या 243 टी कलमात राखीव जागा मतदारसंघांमध्ये आळीपाळीने फिरवता येतील एवढेच म्हटले आहे. त्या दर निवडणुकीला फिरवायलाच हव्यात, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. कालावधी ठरवणे राज्याच्या हातात आहे.

प्रभागाची हद्द किती नाजूक असते ते 2017 मध्ये गिरगावातल्या प्रभाग 220 ने दाखवले. भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांना प्रत्येकी 5,946 मते पडली. फेरमोजणीनंतरही बरोबरी सुटेना, तेव्हा चिठ्ठी टाकली गेली आणि शहा विजयी ठरले. त्या वर्षी शिवसेना 84 आणि भाजप 82 अशी अटीतटीची मोजणी चालली होती, एकेका जागेकडे सगळ्यांचे डोळे होते. प्रभाग 220 ची रेषा एका चाळीपुरती जरी अलीकडे-पलीकडे आखली गेली असती, तर चिठ्ठी टाकायची वेळच आली नसती. रेषा कोण आखतो आणि कधी आखतो, हा कारकुनी तपशील नव्हे, तो असा निकालाला भिडतो.

याउलट प्रभाग स्थिर असला तर मतदार काय करू शकतो, याचे उदाहरण लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समधल्या मिलवॉल वॉर्डात सापडते. सप्टेंबर 1993 च्या पोटनिवडणुकीत तिथे ब्रिटिश नॅशनल पार्टी या वंशद्वेषी पक्षाचा डेरेक बीकन अवघ्या सात मतांनी निवडून आला. देशभर खळबळ माजली. आठ महिन्यांत, मे 1994 मध्ये, त्याच वॉर्डात, त्याच हद्दीत पुन्हा मतदान झाले. एरवी घरी बसणारे लोक बाहेर पडले आणि बीकन हरला, तेही स्वतःची मते वाढलेली असताना. हद्द तीच होती म्हणून तिथल्या लोकांना आपल्या निर्णयाचा परिणाम दिसला आणि तो फिरवताही आला. हा वॉर्डही पुढे, 2014 मध्ये, नव्या रचनेत संपला. पण वॉर्डांना नावे असतात, रचना स्वतंत्र आयोग करतो आणि 1964 पासूनचे लंडनचे निकाल वॉर्डवार छापलेले आहेत. त्यामुळे मिलवॉल संपला तरी त्याचा इतिहास जागेवर आहे. गोरेगावबद्दल तसे म्हणता येत नाही.

मुंबईकराच्या बाबतीत तर प्रभागाची आठवण पुसायला रेषांचीही गरज उरली नव्हती. 7 मार्च 2022 रोजी महापालिकेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे घटनेचे 243 यू कलम सांगते. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाने दोनदा मुदत घालून दिल्यावर 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. जवळपास चार वर्षे सव्वा कोटी लोकसंख्येच्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. या काळात अर्थसंकल्प मात्र थांबला नाही. 2022-23 चा 45,949 कोटींचा होता, 2025-26 चा 74,427 कोटींवर गेला. एवढ्या पैशांतला कोणता रस्ता आधी काँक्रीटचा करायचा, कोणते मैदान कोणाला द्यायचे, यावर कोणा निवडून आलेल्या माणसाने सभागृहात उभे राहून तोंड उघडले नाही. उपनगरातल्या अनेक बाकांवर आणि समाजमंदिरांच्या भिंतींवर 2017 च्या नगरसेवकांची नावे तशीच होती. लोक त्यांच्याकडेच तक्रारी नेत होते आणि ते ‘माझ्या हातात काही नाही’ म्हणून हात वर करत होते. खरेच नव्हते.

मोठी नागरी कामे पाच वर्षांत होत नाहीत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासारखा प्रकल्प किती निवडणुका पाहतो हे तिथल्या रहिवाशांना ठाऊक आहे. 2018 मध्ये लागू झालेला विकास आराखडा 2034 पर्यंतचा आहे. त्यात कुठल्या भूखंडावर बाग, कुठे शाळा, कुठे दवाखाना हे आखलेले आहे. ती बाग झाली की त्या जागी टॉवर आला, हे विचारणारा मतदार आणि उत्तर देणारा नगरसेवक किमान दोन निवडणुका एकाच हद्दीत असायला हवेत. वीस वर्षांचा आराखडा आणि पाच वर्षांत विरघळणारा प्रभाग यांचे जमत नाही. त्यात बिल्डरचे फावते, कारण त्याला मधली गळती चांगली ठाऊक असते.

उपाय अवघड नाहीत. प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाला परत द्यावा आणि ती जनगणनेनंतर एकदाच व्हावी, पुढची जनगणना होईपर्यंत रेषेला हात लावू नये. आरक्षण सलग दोन निवडणुका म्हणजे दहा वर्षे टिकावे, जागांची एकूण संख्या आणि प्रवर्गांचा वाटा आहे तसाच ठेवून. प्रभागाला क्रमांकासोबत नाव द्यावे: मोतीलाल नगर, दिंडोशी, आरे, जवाहर नगर. ही नावे लोकांच्या तोंडी आहेतच, नकाशावर चढवायला खर्च येत नाही. आणि आयोगाने 1968 पासूनचे प्रभागवार निकाल नकाशांसह लोकांपुढे ठेवावेत, मतदान केंद्रनिहाय आकडे मिळतील तिथे तेही, म्हणजे जुना प्रभाग नव्या तीन प्रभागांत कसा वाटला गेला ते कोणालाही पाहता येईल.

दोन निवडणुका तेच आरक्षण ठेवले तर इतरांना संधीसाठी दहा वर्षे थांबावे लागेल, हा आक्षेप रास्त आहे. पण आज पाच वर्षांनी मिळणारी संधी बहुतेकदा शेजारच्या प्रभागातून उडी मारून आलेल्या वजनदार उमेदवाराच्याच पदरात पडते. नव्या कार्यकर्त्याला, विशेषतः राखीव जागेवरून पहिल्यांदा आलेल्या बाईला, पाय रोवायला लागणारा वेळ मिळाला तर ती पतिराजांच्या सावलीतून बाहेर येण्याची शक्यता अधिक. भवनानींचा अभ्यास त्याच दिशेला बोट दाखवतो. सलग निकाल आणि नकाशे हाती असतील तर हे पुढच्या अभ्यासकाला पुन्हा तपासूनही पाहता येईल.

हे करायला मुहूर्तही समोर आहे. रखडलेल्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. तिचे आकडे आले की राज्यातल्या 29 महापालिकांचे नकाशे पुन्हा उघडले जातील, आणि पश्चिम उपनगरांतल्या जागा बहुधा आणखी वाढतील. जानेवारी 2026 मध्ये निवडून आलेल्या 227 जणांची मुदत पाच वर्षांची आहे. पुढच्या वेळी आपला प्रभाग कोण आणि कसा आखणार, याची धास्ती सगळ्याच पक्षांच्या नगरसेवकांना आहे. नियम आधी ठरवा आणि आयोगाकडे द्या, असा ठराव महापालिकेने करून राज्य सरकारकडे पाठवायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. आकडे येण्यापूर्वी तो गेला तर कोणत्या पक्षाला कोणती रेषा फायद्याची, हे कोणालाच ठाऊक नसेल. नकाशे तयार झाल्यावर हा ठराव कोणी मांडणार नाही.